कुत्रं आडवं आलंच नव्हतं

वसंता,

तुझी सायकल माझ्या शेडमध्ये उलटी उभी आहे. चाकं वर, सीट जमिनीला. महिनाभर ती मी पोत्याखाली झाकून ठेवली होती. गेल्या शनिवारी दुपारी पोतं काढलं, पाना घेतला आणि दोन्ही ब्रेक सोडवले. आत काय सापडलं ते तुला सांगायला नको. तुला ते माझ्या आधी कळलं होतं, हे मला आता ठाऊक झालंय. तरी सांगतो. तुझ्याशी एकदा सगळं पहिल्यापासून बोलल्याशिवाय मला दुसऱ्या कुणाशी धड बोलता येईना.

तुझ्याबद्दल लोक बोलतात ते तुझ्या यष्टीबद्दल. घाटातली नोकरी, सगळी हयात स्टेअरिंगवर, गाडीला कधी ओरखडा नाही. तुझ्या दिवसकार्याला बसलेले तुझे डेपोतले सोबती तेच बोलत होते. मी मान हलवत होतो. मला मात्र आपलं भांडण आठवत होतं.

तू हवेच्या ब्रेकवर गाडी उतरवलेला माणूस. मी उद्यमनगरात हायड्रॉलिक प्रेसवर फिटर, जन्मभर तेलाच्या दाबावर लोखंड वाकवलेला. तुझ्या लेकीनं, अश्विनीनं पुण्याहून तुला डिस्क ब्रेकची सायकल पाठवली त्या दिवसापासून आपलं सुरू झालं. हँडलवरच्या दांड्यापासून चाकापर्यंत बारकी नळी, तीत तेल, आणि तेलाच्या दाबावर चाकाची चकती धरायची. तू नळी हातात धरून म्हणालास, "एवढ्याशा पाण्यावर माझा जीव सोडायचा व्हय?"

"पाणी न्हाई, तेल हाय."

"आमच्या गाडीतली हवा संपली की ब्रेक जातोय. आन ह्या तुझ्या सायकलीत हवा शिरली की ब्रेक जातोय. मग शाणं कोण?"

"शाणं तेल. हवा दबती, तेल दबत न्हाई."

"माणूस बी दबत न्हाई म्हणत्यात, दबतोय की शेवटी."

दर रविवारी पन्हाळ्याच्या चढावर हेच. गंमत अशी की तेलाची बाजू घेणारा मी, पण माझ्या बुडाखाली जुनी तारेच्या ब्रेकची सायकल. आणि तेलाला नावं ठेवणारा तू तेलाचाच ब्रेक दाबत उतरायचास. वाघबिळापाशी दम खायला थांबलो की पुन्हा तिथूनच सुरू. हे भांडण मिटू नये अशीच आपल्या दोघांची इच्छा होती असं मला आता वाटतं. मिटलं असतं तर रविवारी बोललो काय असतो?

दोन वर्षं ब्रेक चांगला चालला. मग एका मंगळवारी सकाळी तू सायकल घेऊन आलास. "सदा, ब्रेक मऊ लागतोय. दांडा पार मुठीला टेकतोय."

ती सकाळ मी आता पुन:पुन्हा आठवतो. कारण तोवर मी एकही गोष्ट चुकीची केली नव्हती. आधी चकती धरणारे पॅड काढून बघितले, जाडी पुरेशी होती. चकतीवर बोट फिरवलं, चिकट नव्हती, तरी स्पिरिटच्या फडक्यानं पुसली. सगळे जोड कोरड्या कापडानं टिपून बघितले, कुठं ओल नव्हती. मग तुला म्हटलं, दांडा पटापट चार-पाच वेळा दाब. तू दाबलास आणि पाचव्या वेळेला तो घट्ट झाला.

"बघ," मी म्हटलं, "दाबत गेलं की घट्ट होतोय. म्हणजे आत हवा हाय. तुझी लाडकी."

तू हसलास. निदान बरोबर होतं, वसंता. हवाच होती. हवा काढायची आणि तेल भरायचं, एवढंच काम. शेजारच्या गॅरेजातून मी गाडीच्या ब्रेकच्या तेलाची अर्धी बाटली मागून आणली. सुईशिवायची सिरिंज, प्लास्टिकची नळी, सगळं होतं माझ्याकडं. दांड्याजवळच्या तेलाच्या डबीचं टोपण मी उघडायला घेतलं, तेव्हा तू वाकून बघितलंस.

"त्या टोपणावर काय तरी लिवलंय. वाच की आधी."

माझा चष्मा घरी होता. शंभर पावलांवर घर. मी गेलो नाही.

"मला नगं शिकवूस," मी म्हटलं. "ब्रेकचं तेल म्हणजे ब्रेकचं तेल."

"न्हाई, लिवलंय म्हणून म्हटलं."

"तू गाडी चालवलीस. तेलात हात माझं गेलं जन्मभर."

तू गप्प बसलास. तू गप्प बसणारा माणूस नव्हेस. माझ्या धंद्याचा मान ठेवलास. मी पुढच्या-मागच्या दोन्ही ब्रेकांत तेल भरलं, बुडबुडे निघून गेले, दांडे दगडासारखे कडक लागले. तू गल्लीतून एक चक्कर मारून आलास आणि माझ्या पायापाशी चाक कच्चकन थांबवलंस. "ठणठणीत!" दुसऱ्या रविवारी रंकाळ्यावर जमल्यावर आपल्या सगळ्या सायकलवाल्या मंडळींना तू ओरडून सांगितलंस, "ब्रेकचं काम असलं तर आमच्या सदाकडं जावा. दुकानदाराच्या बाला जमायचं न्हाई."

तू सांगितलंस म्हणून सुरेखाताई आल्या. शाळेत शिकवणाऱ्या, आपल्यातल्या सगळ्यांत शिस्तीच्या. त्यांच्या सायकललाही तसलाच तेलाचा ब्रेक. मी त्याच बाटलीतलं उरलेलं तेल त्यांच्या ब्रेकमध्ये भरलं.

हे वाक्य लिहून मी मगाशी थोडा वेळ थांबलो होतो.

पंधरा-वीस दिवसांनी तू म्हणालास, "दांडा जरा आळशी झालाय. दाबला की परत यायला टाईम लावतोय." मी म्हटलं, नवं तेल हाय, बसंल हळूहळू. असं काही नसतं. तेल बसत नसतं. मी जे बोललो त्याला काहीही आधार नव्हता, आणि माझ्यासारख्या माणसानं ते बोलल्यावर तुला खरं वाटणारच होतं.

त्या रविवारी चढताना तुझ्या पुढच्या चाकाची चकती मधूनच घासल्यासारखी वाजत होती. वर पोचलो, चहा घेतला, तू भज्यांची दुसरी प्लेट मागवलीस आणि नेहमीसारखा उतारावर पुढं झालास. मी तीसेक फूट मागं. दोन वळणं तू नीट घेतलीस. तिसऱ्या वळणाआधी तुझी बोटं दांड्यावर पटापट उघडमीट करताना दिसली. पाचदा, सहादा. मीच शिकवलेलं. समोरून पर्यटकांची बस चढत होती. तू एक शब्द ओरडला नाहीस. सायकल डोंगराच्या बाजूला घेतलीस, गटारीत घातलीस आणि मातीच्या दरडीवर आदळलास. घाटात ब्रेक गेल्यावर ड्रायव्हर जे करतो तेच केलंस. डोंगर धरलास, दरी सोडलीस.

मी सायकल टाकून धावलो. तुझी मांडी वाकडी झाली होती. तू डोळे उघडलेस, माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालास, "कुत्रं आडवं आलं रे."

मी रस्त्याकडं बघितलं. रस्ता रिकामा होता. बसवाले उतरून येत होते.

हॉस्पिटलात ते कुत्रं वाढत गेलं. पहिल्या दिवशी नुसतं कुत्रं होतं. ऑपरेशननंतर ते तांबडं झालं. मंडळी बघायला आली तेव्हा त्याचा एक कान फाटका होता. चौथ्या दिवशी त्याला दोन पिल्लंही होती, आणि त्या पिल्लांमुळंच तू सायकल वळवलीस. सगळे हसले. मीही हसलो. बोलता बोलता तू मधेच माझ्याकडं बघायचास आणि मी सलाईनच्या बाटलीकडं बघायचो.

अश्विनी पुण्याहून आली होती. तिनं मला व्हरांड्यात गाठलं. "काका, तुम्ही मागंच होता ना? तुम्ही बघितलं कुत्रं?"

"बघितलं की," मी म्हणालो.

वसंता, तुझ्या खोट्याला माझी साक्ष लागली ती तिथं. तोवर ते तुझं एकट्याचं होतं.

अकराव्या दिवशी सकाळी तू वहिनींना म्हणालास, छातीत धरल्यासारखं वाटतंय. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली, डॉक्टर म्हणाले. मी डबा घेऊन जिना चढत होतो. वर पोचलो तर अश्विनी भिंतीला टेकून खाली बसली होती. डब्यात तुला आवडतं म्हणून पिठलं होतं. तो डबा मी दिवसभर हातातच धरून फिरलो म्हणे. मला आठवत नाही.

तुझं कार्य झालं. तेराव्याला मी पंगतीत बसलो, वहिनींनी वाढलं, मी खाल्लं. मग अंगणात अश्विनी मला म्हणाली, "काका, मी ती सायकल पाठवलीच नसती तर? ते यष्टीतनं रिटायर होऊन आरामात घरी बसले असते. मला काय हौस आली होती?" तिचे डोळे कोरडे होते. ती हे आधीही कितीदा तरी स्वतःशी म्हणाली असणार, इतकं ते वाक्य घासून गुळगुळीत झालं होतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात ठेवायला मला काहीच वाटलं नाही. तोंड उघडायला मात्र जमलं नाही.

म्हणून शनिवारी पोतं काढलं.

चष्मा लावून आधी टोपण वाचलं. बारीक अक्षरात स्पष्ट छापलेलं होतं, फक्त मिनरल तेल. गाडीच्या ब्रेकचं तेल वेगळ्या जातीचं. एकाच्या रबराला दुसरं चालत नाही. आतली रबरी सिलं फुगून, मऊ होऊन दट्ट्यात अडकली होती. म्हणून दांडा आळशी झाला होता. मग सिलं गळायला लागली, तेल पॅडवर उतरलं, आणि तेल प्यालेला पॅड चकतीवरून नुसता घसरतो. मागच्या ब्रेकची तीच गत. पुढचं चाक धरणाऱ्या काट्यावर जिथं तेल ओघळलं होतं तिथला रंग पोपडे धरून सुटला होता. बोटानं ओढला तर साल निघावी तसा निघाला. प्रेसचं तेल मिनरलच असतं, ते घातलं असतं तरी एवढं वाटोळं झालं नसतं. जे तेल मी जन्मभर वापरलं ते सोडून, माहीत नसलेलं घातलं, तेही माहितगाराच्या तोऱ्यात.

मी स्टुलावर बसून राहिलो. तेवढ्यात फोन वाजला. आपल्या मंडळींचा मेसेज. उद्या सकाळी सहाला रंकाळा, वसंतकाकांच्या आठवणीत पन्हाळा, सगळ्यांनी यायचं. खाली एकेकाचं उत्तर येत होतं. तिसरं उत्तर सुरेखाताईंचं. मी येणार.

मी तुझ्याबाबतच्या अपराधात इतका बुडालो होतो की ती दुसरी सायकल माझ्या डोक्यातून पार गेली होती.

लगेच फोन लावला. सरळ बोलायला जीभ वळेना. म्हटलं, "ताई, उद्या सायकल नेऊ नका. ब्रेक जरा बघायला पायजे."

"अहो, चांगला चालतोय की काका. परीक्षा होत्या म्हणून महिनाभर शाळा आणि घर एवढंच फिरवलीय. दांडा जरा हळू परततोय, तेवढंच."

"दुसऱ्या कुणाची तरी घ्या."

"नाही, वसंतकाकांसाठी जायचंय. त्यांच्यासोबत चढलेय त्याच सायकलवरनं जाणार."

अर्धवट खोटं तिथंच संपलं. मी चप्पल घातली आणि मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरी चालत गेलो. संध्याकाळचे सहा झाले असतील. सायकल धुऊन दारात लावलेली होती. त्यांचे मिस्टर चेनला तेल देत होते.

"ताई, ब्रेक दाबून दावा."

त्यांनी दाबला. दांडा आत गेला आणि परत येताना झोपेतून उठल्यासारखा सावकाश आला. मी गुडघ्यावर बसून चाकाजवळ बोट लावलं. ओलसर.

"ही सायकल उद्या न्यायची न्हाई," मी खालूनच म्हणालो. "मी ह्यात चुकीचं तेल घातलंय. वसंताच्यात बी तेच घातलंतं."

ताई हळूच म्हणाल्या, "मग ते कुत्रं?"

"कुत्रं नव्हतं."

त्यांच्या मिस्टरांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "काका, हे तुम्हाला कधीपासनं माहीत हाय?"

"आज दुपारी नक्की झालं."

"आन नक्की नव्हतं तवा?"

मी ओलं बोट त्या फडक्याला पुसलं. ते म्हणाले, "आमच्या घरातली ही बाई रोज ह्याच सायकलीवर शाळेच्या पोरास्नी मागं बसवून सोडती. ठाऊक हाय न्हवं तुम्हास्नी?" ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ताईंनी सायकल आत ओढली आणि मला पाणी दिलं. पाणी पिऊन मी निघालो, कारण आता ही गोष्ट गावभर व्हायच्या आत आणखी एका दारात मला जायचं होतं.

शालनवहिनी पडवीत मेथी निवडत बसल्या होत्या. "या भावजी," म्हणाल्या. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं, सगळं. बाटली, टोपण, चष्मा, सुरेखाताईंची सायकल. त्यांनी मान वर केली नाही. काड्या बाजूला, पानं ताटात, हात चालूच.

माझं संपल्यावर म्हणाल्या, "मला ठाऊक हाय."

मी तिथंच पायरीवर बसलो.

"तिसऱ्या दिवशी सांगितलं त्यांनी. आपटल्यावर चाकापाशीच पडलंवतं न्हवं, तोंडाशी तेलाचा वास आला म्हणाले. गाडीच्या ब्रेकच्या तेलाचा. तिथंच वळखलं. मला म्हणाले, सदाला बोलू नकोस, न्हाईतर तो परत पान्याला हात लावायचा न्हाई." वहिनींनी पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. "मी म्हटलं, मग मरू दे की त्याचा पाना."

मेथीची जुडी संपली होती. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"त्यांनी शब्द घेतला म्हणून मी गप्प बसले. पर मी बघत हुते भावजी, तुमी कधी येताय. दवाखान्यात बघितलं. सावडायला बघितलं. तेराव्याला पंगतीत बसलात, माझ्या हातानं वाढलं तुमास्नी, तवा बी बघितलं. खाली मान घालून जेवलात."

"वहिनी, माफी मागायला तोंड न्हाई मला."

"मग मागू नका. मी द्यायची बी न्हाई, इतक्यात तर न्हाईच." मग त्यांनी विचारलं, "ती बाई कोण म्हणालात? मास्तरीण?"

"सुरेखाताई. तिच्या सायकलीत बी मी तेच तेल..."

वहिनींचा चेहरा बदलला. "शेवटच्या सकाळी हे सारखं म्हणत हुते, त्या बाईला सांग, त्या बाईला सांग. मला वाटलं, नर्सबाईला बोलवत्यात. मी दोनदा नर्सला बोलवून आणलं. तिला बघून मान हलवली, न्हाई म्हणून." त्यांनी पदर तोंडाला लावला. "मला काय म्हाईत कुठली बाई!"

उठताना त्या एवढंच म्हणाल्या, "अश्विनीला मी सांगणार न्हाई. ते तुमचं काम."

वसंता, आता मी तुझ्याशी भांडणार आहे. रागवायचं असलं तर रागव. तू मला वाचवलंस असं तुला वाटलं. मी ह्या उपकाराखाली वाकलोय, ते नाकारत नाही. मांडीत सळई, बरगड्या मोडलेल्या, श्वास घेताना कळ, आणि त्यात तू माझ्या हाताची काळजी केलीस, की हा माणूस उद्या पाना धरील का. असा दोस्त मला पुन्हा मिळायचा नाही. पण तू मला तिसऱ्या दिवशी एक शिवी हासडली असतीस, "सदा, भडव्या, कसलं तेल घातलंस," एवढं म्हणाला असतास, तर मी त्याच दुपारी सुरेखाताईंच्या दारात गेलो असतो. अश्विनीला महिनाभर स्वतःला कोसावं लागलं नसतं. वहिनींना माझ्या ताटात वाढावं लागलं नसतं. आणि तुला शेवटच्या सकाळी, श्वास पुरत नसताना, ते आठवून तळमळावं लागलं नसतं. तू एकट्यानं ओझं उचललंस आणि ते एकट्याचं नव्हतंच.

आणि हेही खरं की तू मला अकरा दिवस दिले होतेस. कुत्र्याला पिल्लं झाली तेव्हा तू माझ्याकडं बघत होतास, ते काय उगीच? मी "वसंता, बास कर, ब्रेक गेला होता" म्हणायची तू वाट बघत होतास का? बघत असलास तर मी सलाईनची बाटली बघितली. म्हणजे भांडून तरी मी जिंकणार कुठं?

रविवारी पहाटे सहाला मी रंकाळ्यावर गेलो. सायकल नेली नव्हती. नऊजण जमले होते, तुझा फोटो एकाच्या हँडलला बांधलेला. मी सांगितलं. घरून घोकून गेलो होतो, तसंच. तळ्याकडून फिरायला आलेली माणसं आमच्याकडं बघत पुढं जात होती. मग म्हटलं, निघायच्या आधी प्रत्येकानं ब्रेक दाबून दाखवा. प्रत्येकाच्या सायकलीपाशी वाकलो. दांडा किती आत जातो, पटकन परततो का, जोडाला ओल आहे का, पॅड किती उरलाय. सुरेखाताई भावाची सायकल घेऊन आल्या होत्या. तिचा ब्रेक मी बघितला, चांगला होता. मी बाजूला झाल्यावर त्यांचे मिस्टर पुढं आले, खाली बसले आणि तोच ब्रेक त्यांनी पुन्हा पहिल्यापासून तपासला. सगळे बघत होते. बरोबर केलं त्यांनी. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

ते गेले. मी तळ्याच्या कठड्यावर बसून अश्विनीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला.

"बोला काका."

मी बोललो. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. तुझ्या लेकीला ऐकायची सवय आहे, ती तुझ्याकडून आली नसावी.

"तुम्ही व्हरांड्यात मला म्हणालात, बघितलं की."

"व्हय."

"मी तुम्हाला अंगणात म्हटलं, मी सायकल पाठवलीच नसती तर. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात."

"व्हय, बाळ."

मग तिनं विचारलं, "म्हणजे सायकलीत काही खोट नव्हती?"

"न्हाई. सायकल चांगली होती. तू बघून, चांगलीच पाठवली होतीस."

ती रडायला लागली. महिनाभरात पहिल्यांदा, असं वहिनी नंतर म्हणाल्या. मग तिनं फोन ठेवला. चार दिवस झाले, तिचा फोन आलेला नाही, वसंता. मी लावणार नाही. फोन खिशात ठेवून फिरतोय, वाजला तर लगेच उचलता यावा म्हणून.